सुई कितव्या थरात थांबते?

चेहरा ही एकच एक वस्तू नाहीच मुळी! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. ब्लाउजचं माप घेताना, फॉलबिडिंगच्या साड्यांच्या घड्या घालताना, समोर येईल तिला मी हेच सांगत सुटले आहे. वरचा पातळ थर, त्याच्याखालचा जाड थर, मग चरबी, मग स्नायू, मग हाड. पील असो, लेझर असो, फिलर असो की सगळ्यांच्या तोंडी असलेलं ते बोटॉक्स, प्रत्येक उपचाराचं काम यांतल्या ठरलेल्या थरात चालतं. तो थर कोणता, एवढं विचारायचं. बाकीचे प्रश्न मग आपोआप सुटायला लागतात.

आणि प्रश्न किती असतात! बांद्याच्या बाजारपेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. पत्रादेवी ओलांडली की गोवा, त्यामुळे आमच्याकडच्या मुली म्हापशाला, पणजीला, आता मोपाच्या विमानतळावरही नोकरीला जातात. येताना त्या नवे शब्द घेऊन येतात. मग लग्नसराईत ट्रायलच्या आरशासमोर उभं राहून मला विचारतात, "गे मावशे, बोटॉक्स म्हंजे वीखच ना गे ता?" "वांग कायमचो जातलो काय?" "गोरा होवचा इंजेक्शन खरा आसता काय?" मलाही माझ्या गालांवरच्या वांगाचं आणि भुवयांमधल्या आठ्यांचं विचारायचं होतंच. मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी सगळ्यांचे प्रश्न उतरवले आणि म्हापशातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वही पाहिली, खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर आडव्या रेघा मारायला सुरुवात केली.

त्या रेघा पाहताना माझं आयुष्यभराचं काम मला समोर दिसलं. वर कापड, आत कॅनव्हास, त्याखाली अस्तर. कुठली टीप किती थरांतून न्यायची हे चुकलं की सगळा कपडा ओढला जातो. चेहऱ्याचंही तसंच आहे, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी वहीच विसरून ऐकत राहिले.

सगळ्यात वरचा थर एपिडर्मिस. चेहऱ्यावर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असेल-नसेल. त्याच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिन्याभरात गळून पडतात. वय वाढलं की हा वेग मंदावतो. केमिकल पील म्हणजे या गळण्याला दिलेली मोजूनमापून गती. पीलमध्ये काय असतं ऐकून मी चकितच झाले. ग्लायकोलिक आम्ल उसात असतं, लॅक्टिक आम्ल आंबट दुधादह्यात, मँडेलिक आम्ल पहिल्यांदा मिळालं ते कडू बदामातून!

आम्ल कातडीला काय करतं हे आम्हा बांदेकरांना नव्यानं शिकवावं लागत नाही. काजूच्या हंगामात टरफलातलं तेल कुणाच्या ना कुणाच्या बोटांवर, गालावर उततंच. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणून आंब्याचा चीक आणि बिब्ब्याचं तेलही तसंच भाजतं. जखम बरी होते, काळा डाग मात्र कितीतरी महिने राहतो. तो डाग का राहतो, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा समजलं. आपल्या सावळ्या त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. त्यांना इजा झाली, दाह झाला, की त्या जास्तीचा रंग ओतून ठेवतात. म्हणूनच आपल्याकडे पील सौम्य हवं, थोडं थोडं वाढवत न्यायचं हवं. आणि म्हणूनच घरी लिंबू चोळणं किंवा कुठून तरी मागवलेलं जहाल आम्ल स्वतःच लावणं म्हणजे नवा डाग ओढवून घेणं.

माझं पील त्यांनी केलं तेव्हा मी प्रत्येक पायरी विचारून घेतली. चेहरा स्वच्छ पुसला, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या आणि ओठ यांना व्हॅसलिन लावलं, मग ब्रशनं ग्लायकोलिक आम्ल. घड्याळ लावलेलं होतं. चुणचुण सुरू झाली, वाढली, आणि वेळ होताच सोड्याच्या द्रावणानं त्यांनी आम्ल निष्प्रभ केलं. सोबतीला चेहऱ्यावर गार वारा घालणारा छोटा पंखा होता. नंतर काही दिवस त्वचा बारीक सुटत होती. ती ओढून काढायची नाही, ऊन टाळायचं, एवढंच पथ्य.

वांगाची गोष्ट मात्र याहून खोल आहे, अक्षरशः! वांगाचा रंग कधी वरच्या थरात असतो, कधी खालच्या डर्मिसमध्ये उतरलेला असतो, बऱ्याचदा दोन्हीकडे. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातली प्रवृत्ती अशी त्याची कारणं. त्यामुळे उत्तर स्पष्ट मिळालं: वांग आटोक्यात ठेवता येतो, फिका करता येतो, पण 'एकदाच या आणि कायमचा घालवा' असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठावं. जोरकस लेझरनं तो उलट गडदही होऊ शकतो. सगळ्यात मोठं औषध सनस्क्रीन. पावसाळ्यातही, कारण अतिनील किरणांतली यूव्हीए ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येते. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकड्यापेक्षा महत्त्वाचं ते किती लावता आणि पुन्हा लावता का! चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांइतकं हवं. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन अधिक कामाचं, कारण दिसणारा उजेडसुद्धा वांग वाढवतो. मी हे ऐकलं आणि माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे हे आठवून दुसऱ्याच दिवसापासून सकाळीच सनस्क्रीन लावून बसायला लागले.

इथं डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "वांगावरच्या त्या ट्यूबांबद्दल लिहून घ्या," त्या म्हणाल्या. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ साली वांगासाठी मांडलं. ते औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरतं. आपल्याकडे मात्र शेजारणीनं सांगितलं म्हणून तीच ट्यूब क्रीमसारखी वर्षानुवर्षं चेहऱ्याला लावली जाते. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, गालांवर लव वाढते, आणि लावणं थांबवलं की चेहरा भडकतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल याविरुद्ध गेली कित्येक वर्षं मोहीम चालवते आहे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला मी आता पर्समधली ट्यूब दाखवायला सांगते आणि नावात 'सोन' किंवा 'सोल' असलेला स्टेरॉइड आहे का ते दोघी मिळून वाचतो: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल.

दुसरा थर, डर्मिस. कोलॅजनचे धागे इथे. मुरमांचे खड्डे याच थरात पडलेले असतात, म्हणून वरून कितीही क्रीम चोपडलं तरी ते भरत नाहीत! मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुया थेट डर्मिसपर्यंत जातात, असंख्य सूक्ष्म जखमा करतात, आणि त्या भरून काढताना शरीर स्वतःच नवं कोलॅजन विणतं. हे विणकाम सावकाश चालतं, म्हणून परिणाम महिन्यांनी दिसतो आणि बैठकाही अनेक लागतात. मुरमं फुललेली असताना सुया चालवायच्या नाहीत. आणि लेझर! अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली दाखवून दिलं की प्रकाशाची तरंगलांबी आणि झोताचा कालावधी नेमका निवडला, तर तो प्रकाश आपल्याला हव्या त्या रंगात शोषला जातो आणि आजूबाजूची त्वचा वाचते. नको असलेल्या केसांसाठी सावळ्या त्वचेवर १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग लेझर अधिक सुरक्षित, कारण ते वरच्या रंगात फार न अडकता खोल जातं. पाहा, पुन्हा थराचाच प्रश्न.

आता बोटॉक्स. हो, ते विषच आहे, आणि त्याची कथा ऐकून माझ्या अंगावर शहारे आले. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत होती. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं १८२० च्या सुमारास त्या विषाचा अभ्यास केला, ते स्वतःवरही आजमावलं, आणि हेच कधीतरी औषध होईल असं लिहून ठेवलं. १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेली मंडळी हॅम खाऊन आजारी पडली, आणि त्यातून एमिल व्हान एर्मेंगेम यांना तो जंतू सापडला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी त्या विषाची अतिसूक्ष्म मात्रा तिरळेपणासाठी वापरली. १९८९ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आणि व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स पापण्या आकडीनं मिटणाऱ्या रुग्णांना हे इंजेक्शन देत असताना एका बाईंनी विचारलं, "माझ्या भुवयांमध्ये का टोचलं नाहीत?" तिथं टोचलं की त्यांच्या आठ्या जायच्या! जीन यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ साली ते प्रसिद्ध केलं, आणि २००२ साली आठ्यांसाठी मंजुरी आली. एका रुग्ण बाईच्या प्रश्नातून हे सगळं उभं राहिलं. म्हणून मी म्हणते, वह्या भरून प्रश्न विचारा!

हे औषध थांबतं स्नायूत. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला 'आवळ' असा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत जातो. तो निरोपच अडतो. आठ्यांसाठी मंजूर मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. पक्षाघातानं आखडलेल्या हातापायांसाठी हेच औषध ४०० युनिटांपर्यंत देतात. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या ताठर पायांसाठी, जुनाट अर्धशिशीसाठी, काखेतल्या अति घामासाठीही हेच. ज्याला आपण चैनीचं इंजेक्शन समजतो त्यानं कुणाचं तरी पाऊल जमिनीवर नीट टेकतं, हे ऐकून माझा त्याच्याकडे पाहण्याचा सगळा भावच बदलला.

मी ते घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मला जोरात आठ्या घालायला लावल्या, पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा केल्या, बर्फ लावला, आणि केसाएवढ्या सुईनं टोचायला लागल्या. डोळ्यांत क्षणभर पाणी आलं, बस्स. नंतर चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. औषध लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांत सुरू होतं, दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम. आरशासमोर उभी राहून मी आठ्या घालायला गेले आणि भुवया जवळ येईनात! हसू तेच, डोळे तेच, भुवया वरही जातात. चेहरा लाकडाचा झालेला नाही. तसा तो होतो जास्त मात्रेनं किंवा चुकीच्या जागी टोचल्यानं. तीन-चार महिन्यांनी परिणाम ओसरतो आणि आठ्या पूर्वीसारख्या येतात. थांबवलं म्हणून चेहरा आधीपेक्षा बिघडत नाही. क्वचित पापणी खाली उतरते, तीही काही आठवड्यांत सावरते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी हे घेऊ नये. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास वाटला तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठायचं.

फिलर हे त्याहून अगदी वेगळं. बोटॉक्स हालचाल थांबवतं, फिलर जागा भरतं. बहुतेक फिलरमध्ये हायलुरोनिक आम्ल असतं, जे आपल्या त्वचेत मुळातच असतं आणि पाणी धरून ठेवतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गाईच्या डोळ्यातून पहिल्यांदा वेगळं काढलं. फिलर ओठांत वरवर देतात, गालांत चरबीत, हनुवटीला थेट हाडावर. टिकतं सहा महिने ते दीड वर्ष, जागेनुसार. आणि नको असेल तर हायलुरोनिडेझ नावाच्या इंजेक्शननं ते विरघळवता येतं.

पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर? या प्रश्नाचं उत्तर देता देता डॉक्टरीणबाई मला थेट पुण्याला घेऊन गेल्या, आणि तिथं मी हरखूनच गेले. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभरानं पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीच्या वैद्यानं त्याला नवं नाक करून दिलं. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासह छापून आलं. त्या वैद्यानं मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागेवर बेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेनं रेघ आखून कातडी कापली. बेतून, आखून, कापून! आम्ही शिंपी करतो तेच! कातडी त्यानं पूर्ण सुटी केली नाही; भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, कातडी फिरवून खाली आणली आणि नवं नाक जगल्यावर काही आठवड्यांनी ती पट्टी सोडवली. त्यावरून प्रेरणा घेऊन लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तीच शस्त्रक्रिया केली, आणि कपाळाच्या कातडीचं नाक जगभरचे प्लास्टिक सर्जन आजही करतात.

त्या पट्टीत काय होतं? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून कपाळात चढणारी रोहिणी. तिच्या रक्तावर कावसजीचं नाक जगलं. आणि भुवयांमध्ये किंवा नाकावर दिलेलं फिलर धोक्याचं ठरतं ते याच रोहिणीमुळे, कारण ती डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची शाखा आहे! तिच्यात फिलर घुसलं तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. म्हणून टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर दिसली, असह्य दुखलं किंवा दिसायला अंधुक झालं, तर घरी जाऊन वाट पाहायची नाही. त्याच क्षणी सांगायचं. आणि फिलर घेण्याआधी विचारायचं, हायलुरोनिडेझ इथं या खोलीत आहे का? ते विचारण्यात संकोच कसला!

मग राहिलं गोरं होण्याचं इंजेक्शन. मी विचारलं, "हे कितव्या थरात जातं?" त्या म्हणाल्या, "शिरेत. म्हणजे सगळ्या शरीरात." थर नाही, नेमकी जागा नाही! ग्लुटाथायॉन शिरेतून देऊन रंग उजळवण्याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रंग उजळवण्यासाठी एकही इंजेक्शन मंजूर केलेलं नाही, उलट सावध राहायचा इशारा दिला आहे. शिवाय तेरेखोलच्या काठी राहणाऱ्या आपल्या माणसांचा सावळेपणा हे त्वचेनं स्वतःसाठी केलेलं उन्हापासूनचं संरक्षण आहे. डाग घालवण्यासाठी उपचार असतात; रंग हा आजार नाही. हे वाक्य मी दुकानातल्या आरशाशेजारी लिहून लावलं आहे.

लग्न ठरलेल्या मुलींसाठी वेळेचं गणित सांगते. बोटॉक्स किमान महिनाभर आधी, म्हणजे पूर्ण परिणाम दिसून काही सुधारायचं असल्यास सवड राहते. फिलरचंही तसंच, कारण सूज आणि निळे डाग उतरायला वेळ लागतो. पील आणि खड्ड्यांचे उपचार कित्येक महिने आधी सुरू करायचे. मेमध्ये लग्न असेल तर दिवाळीतच डॉक्टरांना भेटा! हळदीच्या आठवड्यात कुठलाही नवा प्रयोग नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, ओठांवर वारंवार जर उठणं, हे सगळं आधी सांगायचं. खर्च विचारताना बोटॉक्सचे युनिट किती आणि कंपनी कोणती, फिलरचे मिलिलिटर किती, हे विचारायचं. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात. बाटली किंवा सिरिंज डोळ्यांसमोर फोडायला सांगायची.

आणि हे कुणाकडून करून घ्यायचं? त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेल्या डॉक्टरांकडून, नाहीतर प्लास्टिक सर्जनकडून. महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा, गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो चिठ्ठीवर पाहायचा. ब्युटी पार्लरमध्ये आयब्रो करा, फेशियल करा, पण वरच्या थराखाली जाणारी सुई तिथं नको.

बायांनो, चेहऱ्याबद्दल विचारणं म्हणजे नटवेपणा, हे मनातून काढून टाका. हे शास्त्र इतकं सुंदर आहे, इतकं समजण्यासारखं आहे, आणि ते आपल्याच चेहऱ्याचं आहे! कुणीही तुमच्या गालाजवळ सुई आणली तर त्यांना थांबवून विचारा: ही कितव्या थरात थांबणार, तिथं काय करणार, किती दिवस राहणार, आणि बिघडलं तर तुमच्याकडे काय इलाज आहे? जो डॉक्टर या चार प्रश्नांची उत्तरं आनंदानं देईल, कागदावर रेघा मारून देईल, त्याच्याच हातात आपला चेहरा द्या. उत्तर मिळालं नाही तर पर्स उचला आणि सरळ बाहेर पडा.